ओलीवरचा संसार

शाळेच्या पुस्तकातला शेतकरी नेहमी पावसात भिजत असतो. अंगावर घोंगडी, गुडघाभर चिखल आणि समोर हिरवंगार भाताचं खाचर. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा, मोहोळ, करमाळा भागातल्या मुलांनाही तेच चित्र शिकवलं जातं. त्यांच्या घरची शेती मात्र वेगळ्याच वेळी जागी होते. पावसाळ्यात इथली भारी काळी रानं बरीचशी मोकळी असतात. कुळवाच्या पाळ्या घालायच्या, तण मारायचं, बांध धरायचा आणि पडेल तो पाऊस जमिनीत मुरवायचा, एवढंच काम. पेरणी होते ती पाऊस उतरणीला लागल्यावर, उत्तरा आणि हस्त नक्षत्रांच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पीक वाढतं थंडीत आणि घरात येतं ते शिवरात्रीच्या आगेमागे. कोरडवाहू माणसाचं वर्ष खऱ्या अर्थाने हिवाळ्यात घडतं.

हे कसं जमतं ते पाहायचं तर आधी माती पाहायला हवी. सोलापूरच्या पट्ट्यात वर्षाकाठी पाऊस पडतो तो 500 ते 600 मिलिमीटरच्या घरात आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. एरवी हा पाऊस कमीच म्हणायचा. पण मीटरभर खोलीची काळी जमीन पिकाला घेता येईल असं साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरून ठेवते. ज्वारीची मुळं थंडीभर या साठ्याच्या मागे खाली खाली जात राहतात. वरून एक थेंब न पडता पीक चार महिने उभं राहतं ते या ओलीवर. रब्बीचं शेत म्हणजे कमावत्या माणसाने निवृत्तीनंतर शिलकीवर चालवलेलं घर. नवी आवक नाही. खर्च जपून करायचा.

शिलकीला गळतीही असते. काळी माती वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात. नोव्हेंबरच्या अखेरीस त्या भेगांत हाताचा पंजा सहज जातो. ओल तिथूनच उडते. म्हणून कोळपणी. पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात फटीचं कोळपं, पाचव्या आठवड्यात पासेचं आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं चालवायचं, अशी कोरडवाहू शेतीच्या संशोधकांची शिफारस आहे. पहिल्या कोळपणीने तण जातं. शेवटची कोळपणी मुख्यतः भेगा बुजवते आणि वर भुसभुशीत मातीचा थर पसरून ओलीला झाकण घालते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं जुने लोक म्हणतात, ते याच अर्थाने. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर 1930 च्या दशकापासून संशोधन चालू आहे आणि त्यातला बराच भाग या एकाच प्रश्नाभोवती फिरतो : मुरलेलं पाणी मार्चपर्यंत पुरवायचं कसं?

आता घरात जाऊ. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन 2015-16 च्या कृषिगणनेनुसार 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. कोरडवाहू भागात जमीन थोडी जास्त असते, कारण एकरातून निघतं कमी. नमुन्यादाखल चार एकरांचं घर धरू. तीन एकर ज्वारी, उरलेल्या एकरात विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू, थोडा कांदा आणि हरभरा. घरात म्हातारा-म्हातारी, मुलगा-सून, दोन शाळकरी पोरं. दावणीला एक पंढरपुरी म्हैस, तलवारीसारख्या लांब शिंगांची. दोन शेळ्या. बैलजोडी बहुतेक घरांतून गेली. नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरवर होते आणि कोळपायला शेजारच्याची बैलं मागून आणावी लागतात. त्याच्या बदल्यात त्याच्या रानात दोन दिवस राबायचं. या अदलाबदलीला ‘सावड’ म्हणतात आणि छोट्या शेतकऱ्याचा हिवाळा तिच्यावर बराच अवलंबून असतो.

22 डिसेंबरच्या सुमारास सोलापुरात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. सूर्य उगवायला सात वाजत येतात. घर मात्र पाचलाच उठतं, आणि त्यातही सून आधी. आदल्या वर्षीच्या तुरीच्या काड्या, म्हणजे तुराट्या, चुलीत सरतात; त्यावर अंघोळीच्या पाण्याचा हंडा चढतो. गॅसची टाकी बहुतेक घरांत आली आहे. पण सहा माणसांच्या अंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं परवडत नाही, म्हणून चूल टिकून आहे आणि तिच्याबरोबर धूरही. म्हातारा गोठ्यात. रात्री म्हशीच्या पाठीवर पोत्याची झूल टाकलेली असते ती काढायची, शेण भरायचं, धार काढायची. म्हशी बहुतेक करून पावसाळ्याच्या अखेरीपासून थंडीच्या सुरुवातीपर्यंत वितात. त्यामुळे दुधाला याच दिवसांत भर असते आणि थंडीत दुधाची फॅटही चढती लागते. डेअरीत दर ठरतो फॅटवर आणि पैसे मिळतात दहा दिवसांच्या हिशोबाने. रान पैसे देणार ते उन्हाळ्याच्या तोंडावर. तोवर घरातला किराणा, पोरांच्या वह्या, म्हाताऱ्याच्या गोळ्या हे सगळं या एका जनावराच्या कासेतून निघतं.

भाकरीचं पीठ आदल्या संध्याकाळीच गिरणीतून आणलेलं असतं. गव्हासारखं ग्लुटेन ज्वारीत नसतं. कणिक ताणली जाते ती ग्लुटेनमुळे. ज्वारीचं पीठ तसं मळून ताणता येत नाही. म्हणून पिठात आधणाचं, उकळतं पाणी घालतात. त्या उष्णतेने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी हाताखाली न फाटता थापली जाते. पीठ जुनं झालं की ही चिकटी कमी होते. मग सासू म्हणणार, “आगं, पिठाची विरी गेलीया. आधण जरा जास्त घाल.” स्टार्चचं रसायन तिला कुणी शिकवलेलं नाही, पण उपाय बिनचूक आहे. मालदांडी ज्वारीचा सगळा मान या भाकरीत आहे : मोत्यासारखा पांढरा, गोल दाणा, गोडसर चव आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहणारी भाकरी. मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या गावाची ज्वारीशी असलेली ओळख त्याहून कितीतरी जुनी आहे. बहामनी काळात दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्यकोठारं लोकांसाठी उघडली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते, ती मंगळवेढ्याचीच.

सकाळी आठच्या सुमारास पोरं शाळेला निघतात आणि सून रानाकडे. थंडीतल्या कामांना मोठी नावं नाहीत, म्हणून ती कुणाच्या हिशोबात धरली जात नाहीत. हरभऱ्याचे शेंडे खुडणं हे त्यातलंच एक. शेंडा खुडला की झाड उंच न जाता फुटतं, फांद्या वाढतात, घाटे जास्त लागतात. खुडलेली पाला-भाजी घरी येते, थोडी ताजी शिजते आणि उरलेली सावलीत वाळवून उन्हाळ्यासाठी डब्यात जाते. म्हणजे एकाच कामातून पिकाची छाटणी, आजचं कोरड्यास आणि उन्हाळ्याची बेगमी. हरभऱ्याच्या पानांवर सूक्ष्म केस असतात आणि त्यांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं. रानात अनवाणी फिरलं तर पाय चरचरतात ते त्यामुळे. जुन्या बायका पहाटेच्या दवात स्वच्छ पांढरं फडकं हरभऱ्यावरून फिरवत आणि ते पिळून आंब गोळा करत. पोटदुखीवर आणि अपचनावर ही आंब थेंबाथेंबाने देत. आता ती बाटली फार थोड्या घरांत सापडेल.

ज्वारीच्या कडेने करडईचे तास असतात. करडई काटेरी, त्यामुळे मोकाट जनावर आत शिरायला बिचकतं. कुंपणाचं कुंपण आणि तेलाचं तेल. कोवळी असताना तिचीही भाजी होते. मोठी झाली की तिच्या काट्यांना हात लावायचा तो पहाटेच, दवाने काटे नरम असताना. करडईची काढणी भल्या सकाळी चालते त्याचं कारण हे. थंडीचा मोसम माणसाला नडतो तसा कधी कधी असा उपयोगीही पडतो.

ज्वारीच्या बाबतीत एक सावधगिरी घरातलं पोरही जाणतं. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याच्या ताणात वाढलेल्या किंवा कापल्यावर पुन्हा फुटलेल्या पोंग्यांत, धुरीन नावाचं द्रव्य असतं. जनावराच्या पोटात त्याचं हायड्रोजन सायनाइड होतं आणि जनावर बघता बघता आडवं होतं. याला ‘किराळ लागणं’ म्हणतात. शेळ्या राखणाऱ्या आजीचं लक्ष म्हणून सारखं बांधावर असतं. पीक पक्व होत गेलं की धोका ओसरतो आणि तेच ताट वाळलं की उत्तम कडबा होतो.

दुसरी धास्ती आभाळाची. पावसाची वाट पाहणारा हा मुलूख डिसेंबरात ढग दिसले की अस्वस्थ होतो. ढगाळ, दमट हवेत ज्वारीवर मावा वाढतो. त्याने सोडलेला गोड चिकट रस पानांवर चकाकतो आणि पुढे त्यावर काळी बुरशी धरते. गावात एवढंच म्हणतात, “चिकटा पडला.” कडब्याची प्रत गेली, दाणा बारीक राहिला. हरभऱ्यावर त्याच दिवसांत घाटेअळी चढते. निरभ्र, कोरडी, बोचरी थंडी ही इथल्या शेतकऱ्याला हवीहवीशी गोष्ट आहे. रात्री आकाश मोकळं असलं की जमिनीची उष्णता निघून जाते, पहाटे पारा 13-14 अंशांवर येतो आणि दुपारी पुन्हा 30 च्या आसपास जातो. सकाळी स्वेटर, दुपारी घाम. गव्हाला, हरभऱ्याला हे मानवतं. म्हाताऱ्याच्या दम्याला मानवत नाही.

विहिरीखालच्या त्या एकराची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे ओल मुरवलेली नसून मोटर चालवून द्यायची असते, आणि मोटर चालते विजेच्या वेळापत्रकावर. महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे : काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. गव्हाला पाणी द्यायच्या पाळ्या जानेवारीच्या ऐन थंडीत येतात. रात्री वीज आली की घरधनी कानटोपी, बॅटरी आणि फावडं घेऊन निघतो. दारं धरायची, म्हणजे एका वाफ्यात पाणी भरलं की दंड मोडून ते दुसऱ्यात वळवायचं. पाय गारठलेल्या चिखलात. थंडीत बहुतेक साप दिसेनासे होतात, पण घोणस याच काळात, तिच्या मिलनाच्या हंगामात, हिंडत असते. जुन्नर-शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात याच वेळी बिबट्याची भीती असते. मुलगा परत येईपर्यंत आई झोपत नाही. मधूनच फोन करून विचारते, “आलास का रं? बॅटरी हाय न्हवं?” शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, 2023 पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला, सौर पंपांच्या योजना आहेत. जिथे दिवसा वीज आली तिथे पहिला बदल घरातल्या बायका सांगतात : रात्रीची झोप. पिकाचं उत्पादन किती वाढलं याच्या तक्त्यात ही नोंद कुठे करायची?

या सगळ्यात सण नुसते विसाव्याला येत नाहीत. ते पिकाच्या वयाशी बांधलेले आहेत. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत आणि रोडगा, कारण वांगी तेव्हाच भरात येतात. मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या. लातूर, धाराशिव आणि त्यांना लागलेल्या सोलापूरच्या भागात हिला येळवस म्हणतात आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडेही ती होते. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते. रानात कडब्याची खोप करतात, तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून पांडव म्हणून मांडतात आणि पूजा होते. मग जेवण : तुरीचे, पावट्याचे, हरभऱ्याचे ताजे दाणे आणि मिळतील त्या भाज्या डाळीच्या पिठात आंबट ताकासह शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि माठात आंबवलेली आंबील. लातूर शहरातली दुकानं त्या दिवशी बंद असतात. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी आपल्या रानात बोलावतंच. गावाबाहेर राहणारी लेकरं दिवाळीला नाही आली तरी येळवसेला येतात, असं तिकडचे लोक अभिमानाने सांगतात. 13 जानेवारीच्या आसपास भोगी : तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि सोलाणे, घेवडा, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे अशी त्या आठवड्यात रानात असेल ते सगळं एका भांड्यात. पाककृतीच्या पुस्तकांत हिचं प्रमाण लिहून देतात ते मला पटत नाही. प्रमाण रान ठरवतं.

जानेवारीतच हुरडा येतो. तो फक्त काही दिवस खायच्या लायकीचा असतो, कारण दाणा दुधावरून चिकाकडे जात असतानाच त्यात साखर भरपूर असते. पुढे तिचा स्टार्च होतो आणि दाणा कडक पडतो. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, त्या आगटीच्या आरात कणसं खुपसायची आणि गरम असतानाच तळहातांवर चोळायची. गूळभेंडी, सुरती अशा जुन्या वाणांचे दाणे कोंड्यातून सहज सुटतात. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा फुले उत्तरा आणि परभणीचा परभणी वसंत हे वाण खास हुरड्यासाठी काढलेले. लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. शहरातली मंडळी हल्ली माणशी पैसे मोजून हुरडा पार्टीला येतात आणि ज्याचं रान रस्त्याकडेला आहे त्याला त्यातून दोन पैसे मिळतात. चांगलंच आहे. आगटीवर वाकून कणसं भाजणारी आणि हात पोळेपर्यंत चोळणारी माणसं फोटोत सहसा येत नाहीत, एवढं मात्र खरं.

हिवाळ्यातली ही घरं भरलेली दिसतात ती ज्यांची माती खोल आहे त्यांची. माळरानाची, वीतभर मुरमाड जमीन असेल तर ओल टिकत नाही आणि रब्बीही होत नाही. अशी घरं हिवाळ्यात बंद असतात. बीड जिल्ह्यातून, तसेच जत-मंगळवेढ्याच्या माळावरूनही, दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर आणि गाड्या भरून लोक कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात ते एप्रिलपर्यंत. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. एका नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हजेरी माणसांची नव्हे, कोयत्यांची लागते. त्यांची थंडी उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत जाते. पहाटे तीनला उठून भाकऱ्या, अंधारात फडात, वाढ्याच्या मोळ्या विकून वरखर्च. गावी राहतात ती म्हातारी माणसं आणि नातवंडं. पोरांची शाळा तुटू नये म्हणून गावोगावी हंगामी वसतिगृहं चालवली जातात, म्हणजे संध्याकाळी जेवायला आणि रात्री झोपायला आजीबरोबर एक आधार. याच जिल्ह्यांत, याच महिन्यांत, एक घर आगटीभोवती बसलेलं असतं आणि दुसरं फडात असतं. दोघांच्याही सातबाऱ्यावर एकरांचा आकडा जवळपास सारखा असू शकतो. फरक मातीच्या खोलीचा.

फेब्रुवारीत ज्वारी काढणीला येते. इथे ती कापत नाहीत, मुळासकट उपटतात. उंच, वाळलेली ताटं, कोरडी पडलेली जमीन आणि दिवसभर वाकलेली कंबर : रब्बीतलं सगळ्यात कष्टाचं काम हे. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर उक्तं मागतात, आणि ज्वारीखालचं क्षेत्र घटत चालल्याची जी कारणं गावात सांगितली जातात त्यांत हे पहिलं असतं. उपटलेल्या ज्वारीच्या पेंढ्या बांधून रानातच उभं बुचाड रचायचं, मग कणसं खुडून मळणी यंत्रातून काढायची आणि कडब्याची गंज लावायची.

गंजीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. 1964 मध्ये सीएसएच-1 ही देशातली पहिली संकरित ज्वारी आली. खरिपात संकरित वाण भराभर पसरले, धान्य कितीतरी वाढलं. पण ते बुटके होते. रब्बीच्या शेतकऱ्याने मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम 35-1 हा उंच वाण सोडला नाही आणि पुढची कित्येक दशकं तो या भागात टिकला. शेतकरी जुनाट आहे म्हणून असं होतं, असं तेव्हा पुष्कळांना वाटे. त्याचा हिशोब मांडून पाहिला तर तो किती पक्का आहे ते कळतं. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल ज्वारी म्हणजे बरं वर्ष. तीन एकरांत बारा. सहा माणसांच्या घराला रोज दोन किलोच्या वर पीठ लागतं, म्हणजे वर्षाला साधारण आठ क्विंटल धान्य घरातच खाल्लं जातं. पुढच्या पेरणीला बारा-पंधरा किलो बी. काही पायल्या पाहुण्यारावळ्यांना, काही गिरणीच्या घटीत. विकायला उरतात तीन-साडेतीन क्विंटल. कडबा निघतो धान्याच्या अडीच पट धरला तर तीस क्विंटल. म्हशीला हिरव्याबरोबर रोज सात किलो घातला तर वर्षाला पंचवीस क्विंटलच्या वर तोच लागतो. तेव्हा बुटक्या वाणाने धान्य दोन क्विंटल जास्त दिलं आणि कडबा निम्म्यावर आणला, तर म्हशीच्या वैरणीसाठी तेवढेच पैसे बाहेर मोजावे लागतील. आणि म्हैस विकली, तर पुढच्या हिवाळ्यात दर दहा दिवसांनी येणारे पैसे बंद. म्हशीचा वाटा जाऊन उरलेला साडेचार क्विंटल कडबा शेळ्यांना मृगापर्यंत पुरवायचा असतो. तो पुरेल की वाड्यावरच्या चुलत भावाकडे शेकड्याने मागावा लागेल, हे म्हातारा गंजीला हात लावून, दोन पेंढ्या उपसून, मार्चमध्येच सांगतो.